अकरा मिनिटं

रोव्हानिएमी. सकाळचे सात,
म्हणजे रात्रच, जानेवारीत इथे फरक कोण करतो.
माझ्या पडद्यावर कालच्या गाड्यांच्या रेघा.
पाच नंबरची इव्हालोहून निघालेली,
इनारीच्या तळ्याला वळसा घालून वर,
आणि मग एका जागी
टाचणी टोचावी तसा ठिपका.
थांबा : अकरा मिनिटं.
परवानगी : तीन.

कारण द्या, म्हणतं यंत्र,
आणि कारणंही तेच पुढे करतं :
पत्ता सापडला नाही. दार बंद. कुत्रं.
ग्राहकाने नाकारलं. रस्ता बंद. इतर.
‘इतर’ला वीस अक्षरांची जागा.

रौनोला फोन लावला.
“पडदा गोठला होता,” तो म्हणाला.
उणे चौतीस. खरं असणार.
अशा थंडीत त्या काचेवर आकडे उमटतात
घट्ट झालेल्या मधातून वर येणाऱ्या माशीसारखे,
म्हणून उत्तरेचे सगळे ड्रायव्हर
यंत्र काखेत धरून गाडी चालवतात,
तापाचं थर्मामीटर धरावं तसं.
कंपनीच्या पुस्तिकेत काखेचा उल्लेख नाही.

“आणि मग?”
मग म्हातारा पिएरा दारात आला,
यंत्राकडे बघून म्हणाला, याला आत घे, हे मरेल.
चुलीवरच्या फळीवर, ओल्या हातमोज्यांच्या शेजारी
त्यांनी ते ठेवलं.
ते शुद्धीवर येईपर्यंत कॉफी. दुसरं काय करणार?
तेवढ्यात पिएराने खोकं फोडलं.
पुतणीने मागवलेले सहा पट्टे,
रेनडिअरच्या गळ्यात बांधायचे,
कळप कुठल्या टेकडीमागे आहे ते उपग्रहाला सांगणारे.
एक पट्टा त्याने तळहातावर तोलला,
काही वेळ नुसताच तोलत राहिला.
मग विचारलं, “तुझा कुठेय?”
रौनोने फळीकडे बोट दाखवलं.

हे सगळं त्याने मला फोनवर सांगितलं
आणि वर म्हणाला, यातलं काही लिहू नकोस.

सही मात्र माझ्यासमोर आहे.
नाव नाही. दोन पानांसारखे आकार, शेजारी शेजारी,
डाव्याचं टोक छाटलेलं,
उजव्याला मागून दोन खाचा आणि मध्ये एक चीर.
त्याच्यावर लाल पट्टी :
सही वाचता येत नाही. पुन्हा घ्या.

मी लाहतीची. दक्षिणेची.
मला वाटलं, म्हाताऱ्याचा हात थरथरला.
कँटीनमधल्या मारेटला सहज दाखवलं,
तिने हात पुसले, चष्मा लावला, आणि माझ्यावरच चिडली :
“वाचता येत नाही म्हणजे काय?
हे कान आहेत. हा पिएरा.
ही चीर त्याच्या बापाची, खाचही बापाचीच,
दुसरी खाच याची.
बर्फात, अंधारात, पळत्या जनावराच्या कानावर
आम्ही हे वाचतो,
आणि तुमच्या उजेडातल्या यंत्राला वाचता येत नाही?”
मग बटाटे सोलायला निघून गेली.

मी परत येऊन बसले.
इतर.
वीस अक्षरं.
‘यंत्राला थंडी वाजली.’
जागा उरली, तिथे काही सुचलं नाही.
लाल पट्टी हाताने काढता येते,
त्यासाठी पर्यवेक्षकाचा परवलीचा शब्द लागतो,
तो सगळ्यांना ठाऊक आहे.

शुक्रवारी पाच नंबरमधून एक खोकं परत आलं.
आत एकच पट्टा, न वापरलेला,
कागदात नीट गुंडाळून सुतळीने बांधलेला.
बाकीचे पाच कुठेतरी हिंडत असतील, कोणाच्या तरी पडद्यावर.
सहावी कोण, जिच्या गळ्यात हा घालायचा नव्हता,
ते खोक्यावर लिहिलेलं नाही.
कारण : ग्राहकाने नाकारलं.

रौनोला मी विचारलं नाही.
त्या दिवशीचा थांबा : चौदा मिनिटं.